बहात्तरावा हिस्सा

डब्यावर छापलंय, एकास बहात्तर.
मी डब्यावर विश्वास ठेवत नाही,
आणि लगेच नकाशावरही ठेवत नाही.
एकतीस वर्षं ताम्पेरेच्या कागदगिरणीत काढली;
कागद दमट हवेत अंग फुगवतो, शेगडीपाशी आखडतो,
आणि त्याच्यावर छापलेली मोजपट्टीसुद्धा
त्याच्याबरोबर खोटं बोलू लागते.
म्हणून नकाशा दोन दिवस टेबलावर नुसता पडू दिला,
चार कोपऱ्यांवर कॉफीचे चार कप.
मग मोजला.

शेपटीकडे तीन मिलिमीटर कमी.

"तीन मिलिमीटर म्हणजे किती?" बायको विचारते.
मी बहात्तरने गुणतो, पंजा ताणून दाखवतो:
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत,
एक वीत विमान कुणीतरी गिळलंय.
"भूक लागली असेल," ती म्हणते,
आणि सॉनासाठी लाकडं आणायला जाते.

बाहेर सरोवर गोठलेलं. आत मी
धड कापतो, दाढीच्या पात्याहून बारीक करवतीने,
मध्ये पांढऱ्या प्लास्टिकच्या चकत्या बसवतो,
पुट्टी, पाणी, सँडपेपर,
पुन्हा पुट्टी.
बोटाला कळतं ते डोळ्याला कळत नाही,
म्हणून डोळे मिटून शेपटी चाचपतो.
रेडिओची तार मेणबत्तीवर ताणलेली,
श्वास लागला तरी थरथरते.
पंखावरचे फुगीर ठिपके सगळे घासून काढले
आणि सुईने, पोलादी पट्टी धरून,
एकेक रिव्हेट नव्याने टोचला.
नऊ संध्याकाळी गेल्या.
सूतभर इकडे नाही, सूतभर तिकडे नाही.

शेजारची हिल्का वेलचीचा पाव घेऊन आली,
चष्मा कपाळावर सारला, विमान नाकाशी धरलं.
लढाईच्या वर्षांत ती एकोणीस वर्षांची होती,
ह्याच गावात, विमानांच्या कारखान्यात, पंखांच्या विभागात.
मला वाटलं, आता रडेल.
ती म्हणाली, "ही ओळ चुकलीये."

"नकाशात अशीच आहे."
"नकाशा रात्रपाळीला नव्हता.
मी बाहेरून हातोडी चालवायची,
लेंपी पंखाच्या आत, लोखंडाचा ठोकळा धरून,
ती एवढीशी, म्हणून तिलाच आत घालायचे.
मी तिला फोरमनचा एक किस्सा सांगितला.
ती हसायला लागली. पंखाच्या आत! सगळा पत्रा हसत होता,
आणि मी थांबले नाही.
अकरा रिव्हेट खाली उतरले, बघ, असे."
तिने नखाने माझ्या पंखावर उतार काढला.
"तपासनीस आला, पाहिलं, सही केली.
माणसं कुठे होती परत करायला?"

"किस्सा काय होता?"
"आठवत नाही."
ते विमान परत आलं का,
हे मी विचारलं नाही. तिने पाव कापला.

ती गेल्यावर पट्टी बाजूला ठेवली.
बोटाच्या रुंदीएवढा उतार, भागिले बहात्तर:
तीनचार केस एकावर एक ठेवावेत तेवढा.
अकरा भोकं बुजवली, वाळू दिली,
आणि सुई हातात घेऊन बसलो.
सरळ रेघेला पट्टी असते.
हसण्याला काय लावायचं?
सहा वेळा टोचलं, सहा वेळा बुजवलं,
हात फार शहाणा झाला होता.
सातव्यांदा बायकोला म्हटलं, काहीतरी बोल.
तिने त्या भुकेल्याची चौकशी केली,
वीतभर विमान पचलं का त्याला,
आणि सुई आपोआप घसरली.

मार्चमध्ये तुर्कूला स्पर्धा होती.
परीक्षक तरुण, गळ्यात भिंग, सभ्य मुलगा.
शेपटीच्या लांबीला त्याने पैकीच्या पैकी दिले.
खाली बारीक अक्षरात:
डाव्या पंखावर रिव्हेटची ओळ सरळ नाही. दोन गुण वजा.

बसने घरी आलो, डबा मांडीवर.
हिल्का फाटकाशी बर्फ ओढत होती.
"काय म्हणाला तो?" तिने फावडं रोवून विचारलं.

"त्याला दिसली," मी म्हणालो.